मगदूम सरांची गूळतुला

"आज तरी सरळ शाळेत जाल असं वाटलं होतं, तर तुम्ही पुन्हा गुऱ्हाळातच!" पद्माताई दारातूनच म्हणाल्या.

मगदूम सर रस आटवायच्या चुलवाणाच्या उबेला बसले होते. तराजूची वजनं ठेवायची एक जाड फळी होती, तिच्या एका टोकाला वजनं आणि दुसऱ्या टोकाला सर, ही त्यांची रोजची जागा. त्या दिवशी अंगात काळा कोट होता, तोही आतला माणूस कुठं आहे ते शोधावं लागेल इतका ढगळ. सर आमच्या हायस्कूलात गणित शिकवायचे आणि त्या दिवशी निवृत्त होत होते. पद्माताई त्यांची एकुलती एक मुलगी. पद्माताईंना नाशिकला दिलेलं, सरांच्या निरोपसमारंभासाठी त्या आदल्या दिवशी आल्या होत्या.

"थंडी आहे गं," सर म्हणाले. "आणि नेमाण्णांचा चहा चांगला असतो. बिनसाखरेचा."

नेमाण्णा म्हणजे माझे वडील. गुऱ्हाळ आमचं. मी तेव्हा आठवीत होते. सरांची बायको गेल्यापासून ते हिवाळ्यात रोज सकाळी आमच्याकडं येऊन बसायचे, ऊब घ्यायचे, आण्णांशी चार गोष्टी बोलायचे आणि शाळेला जायचे. घरी परत जाऊन काय खायचे ते त्यांनाच ठाऊक.

"नेमाकाका, तुम्ही साक्षीला आहात म्हणून सांगते," पद्माताई आण्णांकडं वळल्या. "डॉक्टर म्हणालेत, यांचं वजन पन्नासच्या खाली गेलं तर यांना एकटं ठेवायचं नाही. साखर वाढलीय. गोळ्या वेळेवर घेत नाहीत, जेवणाचा पत्ता नाही. दवाखान्यात चला म्हटलं की यांना पेपर तपासायचे असतात. आता आज सगळ्या गावासमोर काट्यावर बसणारच आहेत. पन्नास भरले तर राहू देत इथं, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही भरले तर आज दुपारच्या गाडीनं माझ्याबरोबर नाशिकला."

"कबूल," सर म्हणाले.

"शब्द?"

"शब्द. आता जा, तुझं आवर. मी आलोच."

त्या दिवशी सरांची गूळतुला होती. जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी न काढता एक युक्ती काढली होती. सरांना तराजूच्या एका पारड्यात बसवायचं, दुसऱ्यात तेवढा गूळ ठेवायचा आणि तो गूळ शाळेतल्या पोरांना वाटायचा. गूळ आमचा, तराजू आमचा. साखरेचं दुखणं असलेल्या माणसाची गूळतुला, म्हणून सगळं गाव हसत होतं. सगळ्यात जास्त सरच हसायचे. "मला खायला थोडाच देणार आहेत, नुसता शेजारी ठेवणार आहेत," म्हणायचे.

मला मात्र हसू येत नव्हतं. सर नाशिकला गेले तर माझं काय होणार हे मला चांगलं कळत होतं. बीजगणित सुरू झाल्यापासून माझी आणि क्षची दुष्मनी झाली होती. आणि माझी एक खोड होती, अजून आहे, मला एका जागी बसवत नाही. इतर सगळे मास्तर तास सुरू झाला की "चौगुले, नीट बस" म्हणायचे. सरांनी मला शेवटच्या बाकावर पाठवलं, पण शिक्षा म्हणून नव्हे. "तू उभी राहून सोडव. पाहिजे तर फिरत सोडव. डोकं चालतंय ना, मग पाय चालले तर काय बिघडलं?" म्हणाले. असं मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं.

तरी माझं उत्तर चुकायचंच. एकच चूक, दर वेळी. बरोबरच्या चिन्हाच्या एका बाजूची संख्या दुसऱ्या बाजूला नेली की तिचं चिन्ह बदलायचं, अधिकचं उणे करायचं, हे मला पाठ होतं. पण संख्या पलीकडं नेईपर्यंत मी ते विसरून जायची. सर कधी चिडले नाहीत. माझं उत्तर पुसायचेही नाहीत. "ताळा कर," एवढंच म्हणायचे. म्हणजे आलेलं उत्तर पुन्हा क्षच्या जागी घालायचं आणि दोन्ही बाजू जुळतात का बघायचं. जुळेपर्यंत ते खुर्चीवरून उठत नसत. घंटा झाली, पुढच्या तासाचे मास्तर दारात येऊन खोकले, तरी नाही. "चुकीचं उत्तर फळ्यावर ठेवून मी अजून वर्गाबाहेर पडलेलो नाही," असं ते अभिमानानं सांगायचे. निवृत्त झाल्यावर संध्याकाळी घरी ये, वार्षिक परीक्षेपर्यंत तुझी ही खोड मोडू, असं त्यांनी मला कबूल केलं होतं.

"आण्णा, सर पन्नास भरतील का हो?" सर गेल्यावर मी विचारलं.

"न भरायला काय झालं? हाडं वजनदार असत्यात मास्तरांची," आण्णा म्हणाले आणि तराजू गाडीत चढवायला लागले. मग फळीपाशी येऊन थांबले. "तिशले, दोनाची जोडी कुठं गेली गं? आन एकाचं बी दिसंना."

"मी नाही घेतली."

"आता तुलेला वजनं लागत न्हाईत म्हणून बरं. दुपारी व्यापारी येणार हाय, तवर शोधून ठेव."

मी फळीखाली वाकून बघितलं, पाचटात हात घालून बघितलं. वजनं नव्हती. शाळेकडं निघाले तर सर पुढं चालले होते, हळूहळू, दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून. ते बघून मला नवल वाटलं. खिशात हात घालून कुणी पोरगा मैदानातून गेला तर सर त्याला हाक मारून परत बोलवायचे, हात बाहेर काढायला लावायचे आणि मगच जाऊ द्यायचे.

शाळेच्या मैदानात तीन वाशांचं तिकाटणं उभं केलं होतं. त्याला आमचा मोठा तराजू टांगलेला, साखळ्यांना फळ्यांची पारडी. हेडमास्तरांचं भाषण झालं, शाल झाली, फेटा झाला, नारळ झाला. मी तराजूजवळ उभी होते, कारण शेवटच्या लहान ढेपा मी ठेवायच्या असं सरांनीच सांगितलं होतं. माझा एक पाय सारखा दुसऱ्यावर घासत होता.

पारड्यात बसण्याआधी सर थांबले. शाल काढून हेडमास्तरांच्या हातात दिली. फेटा उतरवला. नारळ टेबलावर ठेवला. "हे माझं वजन नाही," म्हणाले. "मुलांना उगीच जास्तीचा गूळ मिळायचा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गणिताचा मास्तर जाता जाता पण चोख हिशेब करून गेला, असं कुणीतरी मागून म्हणालं.

"आप्पा, मग कोटही काढा की," पहिल्या रांगेतून पद्माताई म्हणाल्या.

"थंडी वाजते गं मला."

"राहू द्या ताई, कोटाचं किलोभर सोडून देऊ," आण्णा म्हणाले. लोक हसले.

सर पारड्यात मांडी घालून बसले. आण्णांनी दुसऱ्या पारड्यात दहा-दहा किलोंच्या ढेपा ठेवायला सुरुवात केली. एक ठेवली, दोन ठेवल्या, सर हलले नाहीत. चौथी ठेवली तरी हलले नाहीत. पद्माताई खुर्चीच्या अगदी कडेवर आल्या होत्या. पाचवी ढेप ठेवली. मी सरांच्या पारड्याकडं बघत होते आणि मनातल्या मनात त्यांना खाली दाबत होते. पारडं थोडं थरथरलं, पण वर गेलं नाही. पन्नास झाले होते आणि सर अजून जमिनीलगत होते!

मी किलोची ढेप ठेवली. मग आणखी एक. तेव्हा कुठं सर उचलले गेले आणि दांडी सरळ झाली.

"बावन्न!" आण्णा ओरडले. बँड वाजला. पद्माताईंनी पदर डोळ्यांना लावला आणि शेजारच्या बाईंना म्हणाल्या, "कोटाचं किलो सोडलं तरी एक्कावन्न. मी उगीचच जिवाला घोर लावून घेत होते."

मला तर उडी मारावीशी वाटली. सर राहणार होते. मी त्यांना उतरायला हात द्यायला पुढं झाले. सर एका हातानं साखळी धरून उठले, तोल जरासा गेला आणि कोटाची बाजू पारड्याच्या लोखंडी पट्टीवर आपटली.

ठण्ण झालं.

बँडमध्ये ते कुणाला ऐकू गेलं नसेल. पण मी त्या आवाजात वाढले होते. बिडाचं वजन लोखंडावर आपटलं की कसं वाजतं हे मला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. मी सरांकडं बघितलं. सरांनी माझ्याकडं बघितलं नाही. हात पुन्हा खिशात घातले आणि हेडमास्तरांशी बोलत व्हरांड्याकडं गेले.

मग गूळवाटप सुरू झालं. माझ्या हातावर कुणीतरी एक खडा ठेवला. मी तो तोंडात टाकलाच नाही. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत आले. दोनाची जोडी. एकाचं एक. पाच किलो. पुढचा आकडा काढायचं धाडस होत नव्हतं, म्हणून मी पुन्हा चालायला लागायची. गूळ हातात वितळून चिकट झाला.

गप्प बसलं की झालं, असं मन म्हणत होतं. सर राहतील, मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडं जाईन, वजनं हळूच परत येतील, कुणाला काही कळायचं नाही. पण लगेच मला तो मागचा तास आठवायचा. शिकवता शिकवता सरांनी फळ्याची कड घट्ट धरली होती आणि बराच वेळ तसेच उभे राहिले होते. "पाय घसरला," म्हणाले होते. एकाच जागी उभ्या माणसाचा पाय कसा घसरेल? आणि ते पाणी पिणं, तांब्यावर तांब्या. मला सरांचा राग आला. एवढा मोठा माणूस, आणि असं करतो! मग रडू आलं, कारण हा सगळा खटाटोप कशासाठी ते मला कळत होतं. आमच्या गावासाठी, आमच्या फळीवरच्या त्या जागेसाठी, माझ्यासारख्या ढ पोरींसाठी.

पद्माताईंना सांगायची माझी छाती नव्हती. सरांना विचारायची तर त्याहून नव्हती.

आठवीच्या वर्गात सर एकटेच बसले होते, टेबलाशी, कोट घालूनच. बाहेर सगळी गर्दी होती आणि ते रिकाम्या बाकांकडं बघत होते.

"ये," ते म्हणाले. "गूळ खाल्लास?"

मी गुळाचा हात परकराला पुसला, खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं:

क्ष + ५ = ५२

सरांनी ते दोनदा वाचलं.

"हे पुस्तकात नाही," म्हणाले.

"नाही."

"पाच कसले?"

"बिडाचे. दोनाची जोडी आणि एकाचं एक."

सरांचे हात खिशातच होते. ते आत आणखी घट्ट झाल्यासारखे वाटले.

"आण्णांना माहीत आहे?"

"नाही. ते मला शोधायला सांगून गेलेत."

"पद्माला?"

"नाही."

सरांनी डोळे मिटले. मला वाटलं आता रागावतील किंवा हात जोडतील. दोन्हींची मला सारखीच भीती वाटत होती. पण डोळे उघडले तेव्हा त्यांचा चेहरा वर्गातला झाला होता.

"मांडणी बरोबर आहे," ते म्हणाले. "वर्षभरात पहिल्यांदा तू स्वतः समीकरण मांडलंस. सोडव."

मी फळ्याकडं वळले. पाचाला पलीकडं नेलं. खाली लिहिलं, क्ष = ५२ + ५. त्याखाली लिहिलं, क्ष = ५७.

आजही मला कुणी विचारलं तर सांगता येणार नाही की हात सवयीनं चुकला की मुद्दाम.

"आप्पा! सगळीकडं शोधलं तुम्हाला." पद्माताई आत आल्या. चेहरा उजळला होता, सकाळची बाई हीच का असं वाटावं इतका. "मी जाते स्टँडवर, माझं एकटीचं तिकीट काढते. हरले मी. आणि हे काय, आजही शिकवणी? सोडा की पोरीला."

त्यांनी सहज फळ्याकडं नजर टाकली. सत्तावन्न. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही.

डस्टर सरांच्या हाताशीच होता. एकदा फिरवला असता की संपलं असतं. फिरवायचीही गरज नव्हती. "चल" म्हणून उठले असते तरी पुरलं असतं. खरं सांगते, त्यांनी उठावं असंच मला वाटत होतं.

"थांब पद्मा," सर म्हणाले. "हिचं चुकलंय."

"चुकू दे हो एक दिवस."

"फळ्यावर आहे ते," सर म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "त्रिशला, ताळा कर."

"सर..."

"ताळा कर."

मी केला. सत्तावन्न अधिक पाच, बासष्ट.

"डावी बाजू बासष्ट, उजवी बावन्न. जुळतंय?"

"नाही."

"कुठं चुकलीस?"

"चिन्ह." मी खडूनं पाचाकडं दाखवलं. "पलीकडं नेताना उणे करायला पाहिजे होतं."

"मग कर."

मी लिहिलं, क्ष = ५२ - ५. क्ष = ४७. आणि न सांगता त्याखाली ताळा केला. सत्तेचाळीस अधिक पाच, बावन्न. दोन्ही बाजू जुळल्या.

सर उठले. उठताना त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला. माझ्या हातातला खडू घेऊन त्यांनी त्या उत्तरापुढं बरोबरची खूण केली, चांगली लांबलचक. मी स्वतः मांडलेल्या गणितावरची ती पहिली.

पद्माताई आता फळा नीट वाचत होत्या. वरपासून खालपर्यंत, पुन्हा वरपासून. बावन्नावर त्यांची नजर थांबली.

"आप्पा," त्या हळूच म्हणाल्या, "यातला क्ष कोण?"

"मी," सर म्हणाले.

त्यांनी डाव्या खिशातून दोनाचं वजन काढलं आणि टेबलावर ठेवलं. उजव्यातून दुसरं काढलं. एकाचं आतल्या खिशात अडकलं होतं, ते त्यांना निघेना. पद्माताईंनी पुढं होऊन स्वतः हात घातला आणि ते काढलं. मग तो हात तसाच सरांच्या मनगटावर ठेवला. कोटाच्या बाहीत ते मनगट किती बारीक होतं ते मला तेव्हा दिसलं.

"तीनच पुरले असते," सर म्हणाले. "पण म्हटलं, चूकभूल धरून थोडं जास्तीचं असावं."

पद्माताई हसल्या आणि हसता हसता त्यांना रडू कोसळलं. नुसत्या सरांच्या कोटाची बटणं लावत राहिल्या, जणू आता तरी आत थंडी जाऊ नये.

दुपारच्या गाडीला मी स्टँडवर गेले. सर खिडकीत बसले होते. सामान म्हणजे एक पिशवी आणि शाल. पद्माताई कंडक्टरशी दोन तिकिटांचं बोलत होत्या. सरांनी मला खिडकीशी बोलावलं.

"तू सत्तावन्न लिहिलंस ना," ते म्हणाले, "तेव्हा फार बरं वाटलं होतं गं. घटकाभर वाटलं, आपण खरंच सत्तावन्न किलोंचे आहोत."

"मग राहू का नाही दिलंत?" मी चिडून विचारलं. मला रडायचं नव्हतं म्हणून चिडले.

"ताळा कुठं जुळत होता?" सर म्हणाले आणि गाडी हलली.

नाशिकला त्यांना दवाखान्यात ठेवलं, रोजची इंजेक्शनं सुरू केली. अजून महिनाभर गेला असता तर हाती लागले नसते, असं डॉक्टर म्हणाल्याचं पद्माताईंनी आण्णांना कळवलं. सर सावरले. पुढं कितीतरी वर्षं जगले, नातवंडांना गणित शिकवून भंडावून सोडलं. आमच्या गावात मात्र राहायला परत आले नाहीत.

गाडी गेल्यावर मी वजनं पिशवीत घालून घरी आणली. पाच किलो म्हणजे काही फार नव्हे, पण त्या दिवशी खांदा दुखला. आण्णांनी विचारलं, "कुठं गावली?"

"सरांच्या वर्गात."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं, वजनांकडं बघितलं. मग वजनं फळीवर ठेवली, नेहमीच्या टोकाला. दुसरं टोक तसंच मोकळं राहू दिलं.

संध्याकाळी मी पुस्तक काढलं. बसवेना, म्हणून चुलवाणाभोवती फिरत फिरत एकेक समीकरण सोडवत गेले. संख्या पलीकडं नेली की चिन्ह बदललं, न विसरता, एकदाही न विसरता. उत्तर आलं की ताळा केला. सगळे ताळे जुळले. मी वही घेऊन फळीपाशी आले आणि उभी राहिले. दाखवायला तिथं कुणी नव्हतं.